जुलैचा रकाना

शहापूर, बेळगाव
१९ मे

प्रिय भैरवी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, कुणाला काही झालेलं नाही. दर रविवारी फोन होतो, तरी आप्पांना पत्र लिहायची काय गरज पडली, असं तुझ्या मनात येणारच. पण आपला फोन कसा असतो ते तुलाही माहीत आहे. 'जेवलात का', 'गुडघा कसाय', 'ऊन लई हाय काय तिकडं', आणि मग 'आईला द्या'. तीन मिनिटं. मला जे सांगायचं आहे ते तीन मिनिटांत मावत नाही, आणि मावलं असतं तरी मी तोंडानं बोललो नसतो, पुन्हा उन्हाचंच काहीतरी विचारलं असतं. कागद पुढ्यात असला की मी जरा बरा माणूस असतो. म्हणून चित्रांच्या कार्ट्रिज कागदाच्या उरलेल्या पट्ट्या घेऊन बसलोय. पट्ट्या लहानमोठ्या आहेत, तेव्हा पानांचे नंबर बघून वाच.

आधी आनंदाची बातमी. मला खोली मिळाली! एकतीस वर्षं मी या शाळेत चित्रकला शिकवतोय ती कुठे, तर वर्गातल्याच बाकांवर, शेवटच्या तासाला, पोरांची दप्तरं आवरून झालेली असताना. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताचे मास्तर उसना मागून न्यायचे, आणि उसना नेलेला तास कुणी परत केल्याचं मला आठवत नाही. आता आमच्या नव्या हेडबाई, सरोजिनीबाई, यांनी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली रिकामी केली. मोडकी बाकं, फुटक्या काचपेट्या, दोन पोती खडू, सगळं बाहेर. खोलीला उत्तरेकडे तीन खिडक्या आहेत गं! दिवसभर एकसारखा उजेड. एवढी वर्षं तो उजेड मोडक्या बाकांवर पडत होता. दर शनिवारी सकाळच्या शाळेत नववी-दहावीला दोन तास जोडून. पोरांनी सुट्टीआधीच त्या खोलीला 'स्टुडिओ' म्हणायला सुरुवात केली आहे. फक्त बाईंची एक अट आहे, अख्ख्या वर्षाचं नियोजन मे संपायच्या आत लिहून द्यायचं. "आणि राघवेंद्र सर, मागच्या वर्षीची तारीख खोडून चालणार नाही हां," असंही म्हणाल्या. म्हणजे त्यांनी माझे जुने कागद नीट बघितले आहेत.

तर त्या नियोजनाला दर महिन्याचा एक रकाना आहे. जवळजवळ सगळे भरून झाले. जुलैच्या रकान्यात एकच ओळ आहे, 'व्यक्तिचित्र, घरातलं माणूस, जलरंग'. पुढे हात चालत नाही. जुलैच्या पहिल्या शनिवारी तू यावंस आणि त्या खोलीत दोन तास बसावंस, अशी माझी इच्छा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मधूनच पळ काढता येणार नाही. दहावी झाल्यापासून तू माझ्या शाळेत पाऊल टाकलेलं नाहीस. गणपतीला येतेस, दिवाळीला येतेस, माझा डबा राहिला तर घेऊनही येतेस, पण फाटकाशी शिपायाच्या हातात देऊन माघारी जातेस. हातात ब्रशही तेव्हापासून धरलेला नाहीस. का, ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. तिथपर्यंत येतोच. आधी बाकीचे महिने सांगतो, तेवढीच माझी भीड चेपेल.

जून महिना खोडरबराविना. खोलीत शिरताना दाराशी पत्र्याचा डबा ठेवणार, त्यात प्रत्येकानं आपलं खोडरबर टाकायचं आणि आत यायचं. स्वतःच्या पायातली चप्पल काढून समोर ठेवायची आणि महिनाभर तीच काढायची. समोरून, वरून, उलटी करून, अंगठ्याची खूण पडलेली. सुट्टी लागायच्या आधी एकदा करून बघितलं तर आठवीतली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "सर, आणि चुकलं तर काय करायचं?" मी म्हटलं, चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी काढायची. ती म्हणाली, "मग तुमी काय करणार?" या प्रश्नावर सगळा वर्ग हसला, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

ऑगस्टमध्ये माती. खानापूरहून दोन गोणी माती आणायची बोलणी झाली आहेत. मूर्ती नाही करायच्या, मूर्ती म्हटलं की पोरं साचा शोधत फिरतात. आपापल्या घरातलं एक भांडं बघून तसं हातानं उभं करायचं, चाकाशिवाय. सप्टेंबरात आपल्या गल्लीतल्या अंबुबाईंचा माग. त्यांच्याकडे अजून हातमाग आहे, आठवतो ना? तू चार-पाच वर्षांची असताना त्यांच्या उंबऱ्यावर बसून तुटक्या सुताच्या गुंड्या गोळा करायचीस आणि घरी आणून रंगांप्रमाणे ओळीत मांडायचीस. आई केर काढताना नेमका त्या ओळींना वळसा घालायची. आता पोरांनाही तेच करायला लावणार आहे. एका साडीतले रंग मोजायचे, कुठल्या रंगाशेजारी कुठला बसला की दोघं उजळतात ते बघायचं, आणि मग कागदाच्या पट्ट्या विणायच्या. अंबुबाई म्हणाल्या, "पोरास्नी पाठवा की मास्तर, पर मागाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो." सत्तरी उलटली तरी त्यांचा धाक तसाच आहे.

ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी, तेव्हा त्या रकान्यात फक्त 'स्केचबुक घरी' असं लिहिलंय. नोव्हेंबरात किल्ले. दिवाळीत गल्लोगल्ली पोरं चिखलाचे किल्ले करतातच, तर यंदा ते मोडण्याआधी मोजायचे आणि त्यांचा नकाशा, दर्शनी बाजू, छेद, असं सगळं कागदावर आणायचं. तुझ्या किल्ल्यात बुरुज कमी आणि विहिरी जास्त असायच्या, त्यावरून गल्लीतल्या पोरांशी झालेली तुझी भांडणं मी वर्गात सांगणार आहे, तुझी परवानगी गृहीत धरून. डिसेंबरात अक्षरं. खडेबाजारातले नागेंद्र पेंटर यायला तयार झालेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांना पाट्यांचं काम फारसं नाही, पण हात तसाच. एका ब्रशनं, न उचलता, कन्नड 'ಅ' काढतात आणि खाली त्याच दमात मराठी 'अ'. गावात पाट्यांच्या भाषेवरून काय काय झालं ते तू बघितलं आहेस. मी त्यात शिरणार नाही. पोरांनी दोन्ही अक्षरांचं पोट कुठं फुगतं आणि कंबर कुठं आवळते एवढं बघावं. "मास्तर, घाई केली की अक्षर लंगडतंय बघा," असं नागेंद्र म्हणाले, आणि मग अर्धा तास घाई न करता चहा पीत बसले. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीची पोरं परीक्षेत बुडालेली असणार, तेव्हा नववीच्या जिवावर वर्षभराच्या कामांचं प्रदर्शन.

बघ, दोन पट्ट्या भरल्या आणि मी अजून जुलैच्या अलीकडे-पलीकडेच हिंडतोय. आता आईचं सांगतो. आईचं म्हणजे, तिच्या अंगावरच्या डागांचं.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा पहिला डाग उठला, उजव्या हाताच्या करंगळीच्या सांध्यावर, शेंगदाण्याएवढा. मग दुसऱ्या हातावर, मग ओठाच्या कडेला, मग हनुवटीवर. बेळगावात दाखवलं, मिरजेला नेलं, निपाणीला तुझी आजी गुणाबाई एका वैद्याकडे घेऊन गेली, त्यानं दिलेल्या लेपानं हात भाजून निघाला. चार वर्षं असं फिरलो. मग एक दिवस मिरजेच्या स्टँडवर तुझी आई म्हणाली, "बास झालं आता. दुखत न्हाय, खुपत न्हाय, कशापायी हेलपाटं घालायचं?" आणि तिनं तो विषय जो सोडला तो सोडलाच. तोंड झाकून घेणं नाही, की पावडर थापणं नाही, चारचौघांत मागं राहणं नाही. आणि तू तर त्याच्याही पुढची. तिच्या मांडीवर बसून करंगळीच्या टोकानं डागांच्या कडेकडेनं फिरायचीस. हे खानापूर, हा गोवा, ही आजीची निपाणी. हनुवटीवरचा डाग वाढला तेव्हा तू टाळ्या पिटून सांगितलं होतंस की गोव्याला समुद्र आला. तुझी आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरात एकट्या मला हसू आलं नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या धंद्यातली एक रीत तुला सांगायला नको, पण लिहायला हवी. स्पर्धेला चित्रं पाठवायच्या आधी ड्रॉइंग मास्तर त्यांच्यावर हात फिरवतो. सगळेच फिरवतात. इथे एक सावली, तिथे जरा डोळ्यात ठिपका, आभाळ फिकट पडलं असेल तर पातळ रंगाचा एक वॉश. परीक्षकांना ते कळतं, कारण तेही आपापल्या शाळेत तेच करतात. बक्षीस आलं की शाळेचं नाव होतं, पोरगं खूश, आईबाप खूश. आम्ही त्याला 'फिनिशिंग' म्हणायचो. माझ्या फिनिशिंगचं तर जिल्ह्यात नाव होतं, आणि मला त्याचा गर्व होता. शेकडो पोरांच्या कागदांवर माझा हात फिरला असेल. त्यातल्या कितींनी पुढे चित्र काढलं, हे मी कधी मोजलं नाही.

दहावीत तू जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेसाठी 'माझी आई' काढलंस. तीन रविवार ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी पावटे सोलत बसली आणि तू समोर पाटावर. मला बघू दिलं नाहीस, तिलाही नाही. "झाल्यावर बघ," म्हणायचीस. सोमवारी चित्र शाळेत आणून माझ्या कपाटात वाळायला ठेवलंस. दुसऱ्या दिवशी ते पाठवायचं होतं. मधल्या सुट्टीत मी कपाट उघडलं. भैरवी, एवढ्या वर्षांत मी विद्यार्थ्याचं तसं काम बघितलेलं नव्हतं, आणि त्या वेळी ते मला बघता आलं नाही. तू डाग रंगवले नव्हतेस. तिथला कागद तसाच मोकळा ठेवला होतास. जलरंगात पांढरा रंग डबीत शोधायचा नसतो, कागदच राखायचा असतो, हे आठवीत मीच तुम्हाला शिकवलं होतं. तू तेच केलं होतंस. ओठाच्या कडेला, हनुवटीवर, पावट्याची शेंग धरलेल्या बोटांवर. तो चेहरा उजेडात बसल्यासारखा दिसत होता.

मी डबी उघडली. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, किंचित लाल, कातडीच्या रंगासाठी. पाच नंबरचा ब्रश. मनाशी म्हटलं, पोरीचं काम अर्धवट राहिलंय, परीक्षक म्हणतील रंग पुरला नाही काय. दहा मिनिटांत सगळे डाग भरून टाकले. जोड कुठे आहे तो दिसू नये असा रंग जुळवला होता. कपाट बंद केलं आणि पुढच्या तासाला गेलो.

पहिलं बक्षीस आलं. कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये समारंभ होता, चित्रं स्टँडवर मांडलेली. तुझी आई मोरपंखी साडी नेसून आली होती. ती सरळ चित्रापाशी गेली. मी जरा मागं उभा होतो, कौतुक कसं होतंय ते बघायला. तिनं बराच वेळ बघितलं. मग डाव्या हातानं पदर ओढून हनुवटीवर धरला. मिरजेच्या स्टँडवरच्या त्या दिवसापासून तिनं कधी तोंड झाकलं नव्हतं. मला म्हणाली, "चांगलं दिसतंय की." तू स्टेजवरून कप घेऊन खाली आलीस, चित्राकडे बघितलंस, आणि मग माझ्याकडे. रिक्षात आई पुढच्या बाजूला बघत बसली होती, इंजिनाचा आवाज होता, तू माझ्या कानाशी हळूच म्हणालीस, "आप्पा, ते ऱ्हायलं नव्हतं. मी ठेवलं होतं." मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. परीक्षकांना अर्धवट वाटलं असतं, असं म्हणालो. आठवड्याभरात तुझी रंगांची पेटी शेजारच्या चिन्मयीकडे गेलेली मी बघितली आणि विचारलं नाही. चित्र स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनंच ठेवून घेतलं, पुढं कुठं गेलं कुणास ठाऊक.

तू सायन्सला गेलीस, पुण्याला गेलीस, लॅबमध्ये लागलीस. मी लोकांना सांगायचो, पोरगी हुशार, चित्रात काय ठेवलंय! मनाशी मात्र दर वर्षी वेगळं कारण जुळवायचो. वयात आल्यावर पोरांचे छंद सुटतातच, हे एक. त्या काळी सगळेच मास्तर हात फिरवायचे, हे दुसरं. यातलं कुठलंच खोटं नव्हतं, म्हणून बारा वर्षं निभावून गेलं.

आणि मग या महिन्यात ते नियोजन आलं. जेवायला बसलो होतो. मी सहज बोललो की जुलैसाठी कुणीतरी समोर बसणारं माणूस पाहिजे, दोन तास हलणार नाही असं, पोरांना आधी एकत्र दाखवायला. तुझी आई भाकरी वाढत होती. म्हणाली, "मी बसतो की. बसायचंच न्हवं?" आणि माझ्या तोंडून घास गिळायच्या आधी निघालं, तू कशाला, पोरं दंगा करतात, तुला कंटाळा येईल. ती भाकरी तव्यावर टाकून तिकडूनच म्हणाली, "डाग दिसत्यात म्हणून व्हय?" रागानं नाही. तवा गरम झाला का विचारावं तशी. तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या घरात कुणी उच्चारला. माझं जेवण तिथेच संपलं.

आता लिहून टाकतो. मला लाज वाटत होती. चित्र अर्धवट दिसेल याची नव्हे, तिची. कोड. बघ, लिहिला शब्द. लग्नकार्यात फोटो काढताना मी तिला नेहमी माझ्या उजव्या बाजूला का उभं करायचो हे मला ठाऊक आहे, त्या बाजूनं डाग कमी दिसतात म्हणून. पाहुण्यांना ओळख करून देताना मी पटकन दुसरा विषय काढायचो. मी हजारभर पोरांना चेहरा काढायला शिकवला, शहरातल्या निम्म्या पुढाऱ्यांची तैलचित्रं माझ्या हातची आहेत, आणि एका घरात राहून मी तुझ्या आईचं साधं पेन्सिलचं चित्रसुद्धा कधी काढलं नाही. त्या दिवशी कपाटापाशी मी मास्तर नव्हतोच. एका बायकोचा भेकड नवरा होतो, आणि माझ्या पोरीनं जे धीरानं समोर मांडलं होतं ते मी ब्रशानं झाकलं. मला माफ कर, असं लिहायला फार उशीर झालाय हे कळतं. तरी लिहितो, मला माफ कर.

गेला आठवडा मी रोज सकाळी कागदाच्या तुकड्यांवर तुझी ती कड काढायचा प्रयत्न करतोय. डाग आणि कातडी जिथं मिळतात ती. तू तिथं रेघही येऊ दिली नव्हतीस आणि रंग फुटूही दिला नव्हतास, ओठापाशी तर नुसता गुलाबी भास होता. माझी कड कडक वाळते, नाहीतर पाणी जास्त होऊन पसरते. चौदा तुकडे झाले. सोळा वर्षांच्या पोरीला ते कसं जमलं होतं, हे मला खरंच समजत नाहीये. जुलैच्या रकान्यात 'मार्गदर्शन' या ओळीत मी माझं नाव लिहिलेलं नाही. तू आलीस तर मी पोरांमधल्या एका बाकावर बसेन, आणि माझा हात माझ्याच कागदावर राहील. नियमच करतोय तसा, जूनपासून, सगळ्यांसाठी. त्या आठवीतल्या पोरीनं विचारलं होतं ना, तुम्ही काय करणार म्हणून.

आता हे पत्र लिहायला बसलो ते कशासाठी, ते. भाकरीवरच्या त्या बोलण्यानंतर, त्याच दुपारी मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. कपाट, ब्रश, किती मिनिटं लागली तेसुद्धा. ती निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं पोरीनंच तसं काढलं." भैरवी, बारा वर्षं तुझी आई असं समजून चालली आहे की आपण पोटच्या पोरीलाही आहोत तशा नको आहोत. तू तिला खरं काय ते सांगितलं असशील असं मी धरून चाललो, तुला वाटलं असेल मी सांगितलं असेल. घरात तो विषयच निघत नव्हता, मग कोण कुणाला सांगणार? तिनं तुला कधी विचारलं नाही, बोल लावला नाही, दर दिवाळीला डबे भरून फराळ पाठवत राहिली. आणि आता मी खरं सांगतोय तर ते तिला पटत नाही. "तुमी पोरीला पाठीशी घालतासा," म्हणाली, आणि हसून वर म्हणाली, "असू दे. ल्हान होती ती." मी शपथा घेतल्या, तरी तिचं तेच. माझ्या सांगण्यानं हे होणार नाही. जुलैच्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठला, ती उत्तरेच्या खिडकीशी खुर्चीवर बसणार आहे, पदर खांद्यावर घेऊन. तू ये आणि तुला दिसते तशी तिला काढ. तू तिला कशी बघतेस ते तिनं अजून एकदाही पाहिलेलं नाही.

तुझाच,
आप्पा